मासे तोंड वासतात ते भुकेनं की दमून?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या विहिरीशेजारी एक जुनी दगडी दोण आहे. पूर्वी गुरांना पाणी पाजायला होती. आता गोठ्यात गुरं नाहीत, म्हणून तिच्यात गप्पी मासे सोडलेत. आणले तेव्हा पाच-सहा जोड्या होत्या, दोन पावसाळ्यांत शे-दीडशे झाले. पाडव्याच्या साफसफाईत मी ती दोण काथ्यानं घासून काढली, सगळं शेवाळ खरवडलं आणि तळ दिसायला लागल्यावर स्वतःवरच खूश झाले. पुढे ऊन चढलं, विहीर खाली गेली, तसं दोणीतलं पाणीही निम्म्यावर आलं. एके दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला बघते तर सगळे मासे वर, काठाला चिकटून, तोंडं वासून उभे. मला वाटलं, बिचारे भुकेलेत. मूठभर खाद्य टाकलं. थोडं त्यांनी टिपलं, बाकीचं तळाशी गेलं. सासूबाई पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "उनात ढोरां तरी चरतत काय गो?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना निम्म्याहून जास्त मासे पोट वर करून तरंगत होते.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. थंड रक्ताचे प्राणी, उष्ण रक्ताचे प्राणी असे फळ्यावर दोन रकाने कितीदा आखले असतील त्याला गणती नाही. पण त्या रकान्यांतून जे कळायला हवं होतं ते मला दोणीनं शिकवलं, आणि तेही असं. तेव्हापासून मी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून ठेवलाय. विहीर, व्हाळ म्हणजे ओढा, सड्यावरची म्हणजे कातळाच्या पठारावरची डबकी, भाताचं खाचर, जिथं जाईन तिथं बुडवून बघते. घरचे हसतात. हसोत.

"थंड रक्ताचे" हे नावच मुळात फसवं आहे. एप्रिलच्या दुपारी माझ्या दोणीचं पाणी ३४ अंश होतं, म्हणजे मासाही आतून-बाहेरून ३४ अंश. त्याला थंड कसं म्हणायचं? म्हैस डोहात बसली तरी तिचं अंग ३८-३८.५ अंशांवरच राहतं, कारण ती वैरणीतला मोठा वाटा अंग तापतं ठेवण्यातच जाळते. मासा, बेडूकमासा, डासाची अळी, पाणपिसू, गोगलगाय, कोळंबी यांच्याकडे ही आतली चूल नाही. पाणी जेवढं गरम तेवढं अंग गरम. त्यात जीव जितका लहान तितकं त्याचं अंग आकारमानाच्या मानानं जास्त उघडं पडतं. मोहरीच्या दाण्याहून बारीक पाणपिसवाला पाण्याचं तापमान अंगात यायला काही क्षण पुरतात. तेव्हा अशा जिवाच्या बाबतीत हवामान बाहेर आणि शरीर आत असा भेदच राहत नाही.

आता, अंग गरम झाल्यानं होतं काय? आंबोळीचं पीठ आठवा. मे महिन्यात संध्याकाळी भिजवून ठेवलं तर झोपायच्या आधीच टोपाबाहेर यायला बघतं. डिसेंबरात तेच पीठ सकाळपर्यंत ढिम्म हलत नाही. पीठ तेच, टोप तोच, आंबवणारे जंतूही तेच. फक्त तापमान वेगळं. जिवंत पेशीतली कामं विकरांमार्फत (एन्झाइम्समार्फत) चालतात आणि ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर ही कामं दुपटी-तिपटीनं वेगानं होतात. पाणपिसवाचं अंग पारदर्शक असतं, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं काळीज धडधडताना दिसतं. काचेखालचं पाणी थोडं कोमट केलं की ठोके मोजता येऊ नयेत इतके भरभर पडतात. त्याचे पायही तसेच. पाणपिसू पाय हलवून पाण्याचा झोत ओढतो आणि त्यातलं बारीक हिरवं शेवाळ गाळून खातो. पाय भरभर हलले की तेवढ्याच वेळात जास्त पाणी गाळलं जातं. पोटातलं पचनही वेगानं, म्हणजे पोट लवकर रिकामं, म्हणजे पुन्हा भूक.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे: गरम पाणी, जास्त भूक, जास्त खाणं. पुढचं वाक्य आपण घाईत जोडून टाकतो, की म्हणजे वाढही जास्त. तिथंच गफलत होते.

घरातला जमाखर्च असतो तसाच जिवाचा असतो. खाल्लेलं अन्न ही जमा. त्यातलं काही न पचताच बाहेर पडतं, काही पचवण्याच्या खटपटीत जातं, आणि मोठा हिस्सा नुसतं जिवंत राहण्यात जळतो: श्वास, रक्ताभिसरण, हालचाल, पेशींची डागडुजी. हे सगळं भागवून उरेल त्यातून अंग वाढतं किंवा अंडी तयार होतात. वाढ म्हणजे शिल्लक. समजा महिन्याला शंभर रुपये येतात आणि साठ खर्च होतात, तर चाळीस उरले. उद्या दीडशे यायला लागले पण खर्च एकशेवीसवर गेला, तर कमाई वाढूनही हातात तीसच. पाणी तापलं की या जिवांचं अगदी असंच होतं. खर्च तापमानाबरोबर वाढतच जातो, थांबत नाही. खाणं मात्र एका मर्यादेपर्यंतच वाढतं, कारण तोंड तेवढंच, पोट तेवढंच, श्वास तेवढाच. त्या मर्यादेपुढे खाणं अडतं आणि मग घसरतं. खर्चाची रेघ वर चाललेली, जमेची खाली वळलेली. दोन्हींमधली फट म्हणजे वाढ, आणि ती बघता बघता मिटते.

ही फट कागदावर काढली तर तिचा आकार आपल्याला घरचाच वाटेल. आजऱ्याकडून आंबोलीला या. चढ असा हळू आहे की आपण किती वर आलो हे कळतही नाही. मग एकदम कडा, आणि खाली कोकण. वाढीचा आलेख हुबेहूब सह्याद्रीसारखा आहे: थंडीकडून माथ्याकडे लांबलचक मंद चढ, आणि माथ्यापलीकडे गरम बाजूला सरळ कडा. चढावर दोन अंश इकडेतिकडे झाले तर वाढ थोडी मंदावते, बस. माथ्यावरून मात्र दोन अंश पुढे गेलं की जीव गडगडतो. उष्ण प्रदेशातले बरेच जीव मुळातच माथ्याच्या जवळ राहतात, कारण वर्षभर पाणी कोमटच असतं. थंड मुलखातल्या माशाला तीन अंश तापमान वाढलं तर कदाचित बरंच वाटेल. आपल्याकडच्या माशाचा पाय तेवढ्यानं कड्याच्या टोकावर जाऊ शकतो.

आणखी एक गंमत आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते: हा माथा एका जागी नसतो. अन्न किती आहे त्यावर तो सरकतो. कॅनडातले जे. आर. ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सॉकाय सामन माशांच्या पिल्लांवर केलेलं काम या बाबतीत प्रसिद्ध आहे. पिल्लांना हवं तेवढं खाऊ घातलं तेव्हा ती १५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगानं वाढली. तेच खाद्य तोडून रोज वजनाच्या दीड टक्क्यावर आणलं, तर सर्वांत चांगली वाढ ५ अंशांजवळ दिसली. सामन हा थंड पाण्यातला मासा, त्यामुळे हे आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत, पण तर्क आपलाच आहे. पगार कमी असेल तर स्वस्ताईच्या गावी राहणं परवडतं. अन्न तुटपुंजं असेल तर गार पाणी बरं, कारण तिथं नुसतं जगण्याचा खर्च कमी. ऊन आणि उपासमार एकत्र आली की जीव स्वतःलाच खात सुटतो.

आता दोणीकडे परत येऊ, कारण श्वासाचा हिशेब राहिलाच. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, ते हवेशी पुरेपूर मिसळलेलं असलं तरी, २० अंशांना ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. म्हणजे आधीच चिमूटभर, आणि तापेल तसं त्यातूनही उणं. सोडा गरम झाला की त्यातला वायू उडून जातो, तसंच हे. इकडे माशाचा खर्च वाढतोय, त्याला प्राणवायू जास्त हवा. तिकडे पाणी आपली मूठ आवळतंय. माझ्या दोणीत तर मासे दाटीवाटीनं, पाणी निम्मं, आणि दिवसा प्राणवायू सोडणारं शेवाळ मीच घासून टाकलेलं. पाण्याचा सगळ्यात वरचा पातळ थर हवेला लागून असतो, तिथं जरा बरा प्राणवायू मिळतो. मासे तिथंच तोंड लावून उभे होते. त्यांना दम लागला होता, आणि मी त्यांना जेवायला वाढलं.

जेवण म्हणजे आणखी खर्च. पचन सुरू झालं की माशाची प्राणवायूची गरज पुढचे काही तास बरीच वाढते, पोटभर खाल्ल्यावर कधी दुपटीपर्यंतही जाते. भरल्या पोटी घाटी चढल्यासारखं. वर उरलेलं खाद्य तळाशी कुजायला लागलं, आणि कुजवणारे जंतूही प्राणवायूच घेतात, तेही उन्हाळ्यात आंबोळीच्या पिठाच्या वेगानं. त्यात अमोनिया. मासे अमोनिया बाहेर टाकतात, कुजणाऱ्या खाद्यातूनही तो येतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक विषारी. पाण्याचा सामू (pH) ८ असेल तर २० अंशांना अमोनियाचा सुमारे ४ टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांना ७ टक्क्यांहून जास्त. घाण तेवढीच, विष जवळजवळ दुप्पट. रात्री ऊन नाही, पाणी हलत नाही, जंतू कामाला लागलेले, त्यामुळे पहाटेपर्यंत प्राणवायू सगळ्यात खाली उतरतो. मासे मरायचे ते बहुतेक पहाटेच मरतात. शेततळी करणाऱ्यांना हे पाठ असतं, म्हणून ते खाद्य उजाडता उजाडता टाकत नाहीत, ऊन जरा वर आल्यावर टाकतात.

करवंटीतले डास

पावसाळ्याच्या तोंडावर मी एक उद्योग केला. करवंटीत पाणी आणि कापडाची पट्टी ठेवून परसात मांडली. दोन-तीन दिवसांत पट्टीच्या ओल्या कडेला काळे, बारीक ठिपके दिसले: डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी. पट्टीचे दोन तुकडे केले आणि दोन बादल्यांत सोडले. एक बादली पत्र्याच्या पडवीच्या कडेला, तिचं पाणी दिवसभर ३१-३२ अंशांच्या आसपास. दुसरी फणसाखाली, तिथं २६. दोन्हींवर जुन्या मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं, गावात डेंग्यू पसरवायचा माझा विचार नव्हता. दोन्हींत रोज माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड.

पडवीतल्या अळ्या सतत खात. बादलीला कान लावला तर काही ऐकू येणार नाही, पण डोळा लावला की दिसायचं: तोंडाजवळचे ते ब्रश थांबायचेच नाहीत. तळाशी जायचं, खरवडायचं, श्वासाला वर यायचं, परत खाली. अळीला चारदा कात टाकायची असते, मग कोश. कोश खात नाही, नुसता वर येऊन श्वास घेतो आणि सावली पडली की पलटी मारून खाली पळतो. पडवीच्या बादलीत सातव्या दिवशी पहिला डास कापडाला चिकटलेला दिसला. फणसाखालच्या बादलीला दहा दिवस लागले.

सगळे गोठवून मारले आणि भिंगाखाली आलेखाच्या कागदावर पंख मांडले. नुसत्या डोळ्यांनी काही वाटत नव्हतं, पण चौकटी मोजल्यावर फरक स्पष्ट होता: फणसाखालचे डास मोठे. उन्हातल्यांनी रोज जास्त खाल्लं होतं, रोज जास्त वाढले होते, तरी शेवटी बारकेच.

हे कोडं ज्यांच्या घरी भातशेती आहे त्यांना समजावून सांगावं लागू नये. हळवं भात लवकर निसवतं, लवकर कापणीला येतं, पण गरव्याइतका उतारा देत नाही. त्याला वाढायला दिवसच कमी मिळतात. ऊन पाण्यातल्या जिवाला हळवं करतं. अंगाची वाढ आणि वयात येणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत. उष्णतेनं दोन्ही पुढे पळतात, पण वयात येण्याचं घड्याळ जास्त जोरात पळतं. त्यामुळे अंग भरायच्या आधीच कात टाकायची, कोश करायची वेळ येऊन ठेपते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डेव्हिड अ‍ॅटकिन्सन यांनी १९९४ मध्ये अशा पुष्कळ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी हेच दिसलं: गरम वातावरणात वाढलेले थंड रक्ताचे जीव प्रौढपणी लहान. आयुष्याचंही तसंच. डॅफ्निया नावाचा मोठा पाणपिसू २० अंशांना सुमारे ५६ दिवस जगतो, २५ अंशांना ४० दिवस. त्याचा बारका भाऊबंद मॉइना २६ अंशांना चार-पाच दिवसांत वयात येतो आणि मग दर दीड-दोन दिवसांनी पिल्लं देतो. उष्ण प्रदेशातल्या तळ्यांत मोठ्या डॅफ्नियापेक्षा हे मॉइनासारखे बारकेच जास्त सापडतात. त्याला माशांनी मोठे टिपून खाणं हेही कारण आहे, पण उष्णतेचा वाटा आहेच.

आरोग्य खात्याचे लोक दारोदार सांगत फिरतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप-टाक्या रिकाम्या करा. आठवडाच का? कारण पाणी गरम असलं की अंड्यातून बाहेर पडलेली अळी साधारण तेवढ्यातच उडते. पिंप आतून घासायचं ते एवढ्यासाठी, की एडिसची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, कडेला चिकटतात आणि कोरड्या कडेवर महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी राहतातच.

सड्यावरचं आधण

कोकणात पाण्याच्या तापमानाचे सगळे नमुने एका गावात सापडतात, फक्त चालायची तयारी हवी. विहिरीचं पाणी बारमाही २७ च्या आसपास, कारण जमिनीखालचं पाणी वर्षभराच्या हवेची सरासरी धरून राहतं. त्यामुळे तेच पाणी जानेवारीच्या पहाटे कोमट लागतं आणि मेमध्ये गार. झाडीतला व्हाळ पावसाळ्यात २५-२६. आणि वर, कातळाच्या सड्यावर, पावसानं दोन दिवस उघडीप दिली की वीतभर खोल डबक्यात मला दुपारी ३६ अंश मिळालेत. त्याच डबक्यात पहाटे २५.

इथं सरासरी फसवते. २५ आणि ३६ ची सरासरी साडेतीस, आणि साडेतीस अंश हे बेडूकमाशाला सुखाचं तापमान वाटेल. पण आंबोली आणि सावंतवाडी यांच्या मध्यावर उभं राहायला जागा नाही, मध्ये हवा आहे. दुपारचे ते तीन तास कड्यापलीकडचे असतात, आणि रात्रीच्या गारव्यानं त्यांची भरपाई होतेच असं नाही. बेडूकमासे त्यावर जमेल तो उपाय करतात: दुपारी डबक्याच्या खोल कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत गोळा होतात, खरवडणं बंद, सकाळ-संध्याकाळ उथळ काठावर येऊन शेवाळ खातात. सासूबाईंची ढोरं तरी वेगळं काय करत होती?

डबकं आटायच्या आत बेडूक होणं भाग आहे, त्यामुळे इथं हळवं असणं हीच सोय. गरम पाण्यात थायरॉइडची संप्रेरकं लवकर कामाला लागतात, शेपूट लवकर गळते, आणि नखाएवढं बेडूक बाहेर पडतं. बारकं बेडूक पुढे जगण्याची खात्री कमी, पण आटलेल्या डबक्यात राहिलेल्या मोठ्या बेडूकमाशाची तर शून्य. आंबोलीच्या कातळावर झँथोफ्रायने टायगेरिना हा चट्ट्यापट्ट्यांचा भेक आहे, शास्त्रानं त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली ती २००९ मध्ये. तोही पहिल्या पावसांनंतर कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याचा सगळा संसार या वीतभर पाण्याच्या तापण्या-आटण्यावर चालतो.

याच डबक्यांत कधी कधी उलटं पोहणारे, काचेसारखे पारदर्शक, इंचभराचे जीव दिसतात. फेअरी श्रिम्प. कोळंबीच्या लांबच्या नात्यातले. पाठीवर पडून अकरा जोड पाय हलवत राहायचं आणि पाणी गाळून खायचं, एवढाच धंदा. यांची अंडी कोरड्या मातीत उन्हाळाभर भाजत पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. आम्ही कातळशिल्पं बघायला सड्यावर जातो आणि पायाखालचं हे डबकं ओलांडून पुढे जातो, याचं मला अलीकडे वाईट वाटतं.

तापमानाची अगदी टोकाची मर्यादा बघायची असेल तर दापोलीकडच्या उन्हवऱ्याला किंवा संगमेश्वराजवळच्या तुरळला जा. उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास, हात घालवत नाही. तिथं जंतूंशिवाय कुणी नाही. प्राणी म्हणावेत असे जीव साधारण ५० अंशांच्या वर संसार थाटतच नाहीत.

खाचरात मात्र मेजवानी

एवढं वाचून ऊन म्हणजे वाईटच असं वाटायला नको. मृगाचा पाऊस लागला की व्हाळाचे मासे उलटे चढून शेतात येतात. आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात, रायगडाकडे वलगणीचे. लोक कोयते, पलिते, जाळी घेऊन धावतात, आणि पोटात अंडी असलेले मासेच सर्वांत आधी तव्यावर जातात, हे वेगळं रडगाणं. जे वाचतात ते खाचरांत, पाटांत अंडी सोडतात. का? खाचर उथळ, त्यामुळे व्हाळापेक्षा दोन-चार अंश गरम. शेणखत पडलेलं, चिखल ढवळलेला, पाणपिसू आणि बारीक कीटकांची नुसती लयलूट. आणि पावसाचा थेंब पडत असतो, पाणी बांधावरून वाहत असतं, म्हणून प्राणवायूची ददात नाही. गरम पाण्यानं वाढवलेला खर्च भागवायला जमाही भरपूर. पिल्लं तिथं व्हाळापेक्षा कितीतरी झपाट्यानं वाढतात. उष्णता तीच, पण दोणीत ती मारक ठरली आणि खाचरात तारक, कारण तिथं ताट भरलेलं आणि श्वास मोकळा.

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी शेततळ्यात वाढवणारे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत. तिला २८ ते ३१ अंश पाणी मानवतं. १४ च्या खाली आणि ३५ च्या वर ती सहसा टिकत नाही. कोळंबीची वाढ पायऱ्यापायऱ्यांनी होते, कवच टाकलं की तेवढ्यापुरती. पाणी ऊबदार असेल तर दोन कातींमधलं अंतर कमी होतं. कात टाकायच्या सुमाराला ती खात नाही, आणि अंग मऊ असताना बाकीच्या तिलाच खायला बघतात. म्हणून जाणते शेतकरी खाद्य वजनाच्या टक्क्यांवर डोळे मिटून टाकत नाहीत. तळ्यात जाळीचं ताट बुडवून ठेवतात, दोन तासांनी वर काढतात, किती उरलं ते बघून पुढचं ठरवतात. डिसेंबरातल्या गार आठवड्यात ताट भरलेलंच वर येतं. आषाढात चार दिवस सूर्य दिसला नाही तरी तेच. अशा वेळी हात आखडता घ्यायचा, कारण न खाल्लेलं खाद्य पैशापरी पैसा घालवतं आणि तळही नासवतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलेली मुलं हेच सांगतात, आणि आमच्या शेजारचे एक काका, जे कुठल्याच महाविद्यालयात गेले नाहीत, तेही हेच सांगतात: आधी पाण्यात कोपर घालून बघ, मग डब्याला हात लाव.

आमच्या दोणीवर आता माडाच्या झावळ्या टाकल्यात. एका बाजूचं शेवाळ मी मुद्दाम ठेवलंय, पाणी काठोकाठ असतं, थर्मामीटर खिळ्याला टांगलेला. खाद्य सकाळी नऊ-साडेनऊला, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढंच. पाच मिनिटांत संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. पाणी ३२ च्या वर गेलं तर त्या दिवशी काहीच नाही. तरी एखाद्या उकाड्याच्या दुपारी मासे वर येतात आणि तोंडं वासतात. मग मी कळशी भरून विहिरीचं पाणी आणते आणि खांद्याइतक्या उंचीवरून, फेस येईल असं, बारीक धारेनं दोणीत सोडत राहते. दुसऱ्या कळशीला ते खाली जातात. सासूबाई बघतात, आणि विचारतात, "आज जेवूक नाय घातलंस?"